बिनभुवयांचे रायर

रायर आमच्याकडे कामाला आले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला माझ्याच शेडच्या दारातून परत पाठवलं. कारण काय, तर माझी साडी नायलॉनची होती.

"आत यायचं नाही, अम्मा. सुती नेसून या."

"अहो, शेड माझी आहे!"

"असू दे की. साडी नायलॉनची आहे."

दारात हात आडवा घालून उभे. पंचा सुती, उपरणं सुती, कपाळावर गोपीचंदन, आणि डावी भुवई गायब. उजवी होती, चांगली दाट होती. डावीच्या जागी नुसतं गुळगुळीत कातडं. त्यामुळे माणूस कायम अर्धवट आश्चर्यात पडल्यासारखा दिसायचा. मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि भांडायचं विसरून साडी बदलायला घरात गेले. तिथेच माझं चुकलं म्हणा हवं तर. पहिल्या दिवशी जो हात आडवा आला, तो पुढे कधी खाली आलाच नाही.

मी कोल्हापूरकडची. वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे लोखंडाच्या किसात खेळूनच मोठी झाले. लग्न होऊन कुंभकोणमला आले ते तंजावरी मराठी घरात. राजांच्या काळात इकडे येऊन राहिलेली ही माणसं. त्यांची मराठी ऐकून पहिलं वर्षभर मला वाटायचं, कुणीतरी जुनी पोथी तमिळ सुरात वाचतंय. इकडे आमच्या लोकांना सगळं गाव 'रायर' म्हणतं, म्हणून हेही रायरच. गावातल्या मेलकावेरी भागात पुढे आमचं घर, मागे शेड. तिथे पितळी समयांचं कातकाम चालायचं. नवरा अकाली गेला आणि शेड माझ्या गळ्यात पडली. समयांची मागणी घटत चालली होती, निम्मी यंत्रं कापड पांघरून बसलेली. शेड बंद करून कामगारांना घरी पाठवायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात किनाऱ्याकडच्या एका केमिकल कारखान्याचे इंजिनियर आले. त्यांना पंपाचे भाग कातून हवे होते, पण पितळेचे नाही, पोलादाचे नाही, झिर्कोनियमचे. पहिला लॉट पसंत पडला तर कायमचं काम. अट एकच, ही धातू जाणणारा माणूस शेडवर हवा. शोधता शोधता जवळच्या दारासुरमच्या विणकरांच्या गल्लीत हे रायर सापडले. आयुष्यभर उत्तरेकडे एका सरकारी कारखान्यात हेच काम केलेलं. बायको वारलेली, मुलगी मद्रासला दिलेली. रिकामाच आहे म्हणाले, येतो. मला केवढा आनंद झाला होता! पुढे काय वाढून ठेवलंय याची मला काय कल्पना?

झिर्कोनियम म्हणजे दिसायला साधी धातू. स्टीलची बहीण वाटावी, किंचित काळसर. रायरांनी पहिल्याच आठवड्यात खिडकीत काचेच्या दोन बरण्या मांडल्या. दोन्हीत जहाल आम्ल. एकीत लोखंडी खिळा, दुसरीत या धातूचा तुकडा. खिळा बुडबुडे सोडत सोडत विरघळून गेला. तुकडा मात्र जसाच्या तसा, नव्या नवरीसारखा चकचकीत. "म्हणून आम्लाच्या पंपाला हीच लागते," ते म्हणाले. "आणि अणुभट्टीत इंधनाच्या नळ्या हिच्याच. आतल्या कणांना ही अडवत नाही, वाट देते. फार गुणाची आहे."

"मग एवढी काळजी कशाला करता?"

"गोळा आहे तोवर गुणाची. भुसा झाली की राक्षस. तुमच्या लग्नात फोटोवाल्याचा बल्ब फटकन पेटायचा की नाही? त्यात हिचीच लोकर असायची."

हे ऐकून मी पदर सावरून दोन पावलं मागे सरले. ते मात्र आमटीबद्दल बोलावं तसं बोलत होते.

मग नियम सुरू झाले. अहो, नियम म्हणजे किती! टेरीकॉटचा शर्ट चालणार नाही, अंगावर वीज साठते. त्या दिवसांत टेरीकॉट म्हणजे पोरांचा जीव की प्राण. ती बिचारी गेटवर शर्ट उतरवून बनियनवर कामाला जायची. दाराशी तांब्याची पट्टी ठोकली, तिची तार जमिनीत पुरली. आत जाताना प्रत्येकाने तिला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. आमच्या माणसांनी पहिल्या दिवशी हात लावला, दुसऱ्या दिवशी हात लावून डोळ्यांना लावला, आणि आठवडाभरात कुणीतरी पट्टीवर कुंकवाचा टिळा लावला. रायरांचा जो पारा चढला! "देव नव्हे हा! कुंकवाखालून वीज जाईल का?" म्हणत रोज सकाळी ती पट्टी घासत बसायचे. आणि रोज कुणीतरी पुन्हा टिळा लावायचं. कोण लावायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

लेथ हळू फिरवायचा. हत्याराला धार कडक. किस जाड निघाला पाहिजे, केसासारखा बारीक नको. वर तेलपाण्याची धार अखंड चालू. कातून पडलेला किस लगेच उचलायचा आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपात बुडवायचा. पुरता बुडवायचा. "बुडालेला बरा, ओलसर वाईट," हे त्यांचं पालुपद. आमचा मेस्त्री, मुख्य टर्नर, तमिळ माणूस, हाडापेराने दणकट, एरवी कुणाला न घाबरणारा. तो एकदा वैतागून म्हणाला, "पाण्यातच ठेवायचं ना? मग पेटलं तर पाणी मारू."

रायर असे उसळले की आम्ही दोघंही मागे सरलो. "पेटल्यावर पाणी? पेटल्यावर पाणी घातलंस तर ती पाणी फोडते! त्यातला हायड्रोजन भडकतो. छप्पर राहणार नाही. पेटल्यावर कोरडं मीठ. नाहीतर कोरडी वाळू."

म्हणजे काय म्हणायचं या माणसाला? ठेवायचं पाण्यात, पण पेटलं तर पाणी नको. मेस्त्रीने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मीही लावला.

आणि ते मीठ! आधीच आमच्या कावेरीकाठी मिठाला पाणी सुटायला निमित्त लागत नाही. रायरांनी खड्याच्या मिठाची पोती मागवली आणि ते भाजायला काढलं. भट्टीवाला शेंगदाणे भाजतो तसं, कढईत, रोज. भाजलं की डब्यात भरायचं, झाकणाच्या कडेला मेण लावायचं. हवा दमट झाली की मेण काढायचं आणि पुन्हा भाजायचं. कढई कुणाची, तर माझ्या सासूबाईंची. न विचारता नेलेली.

सासूबाईंचं सोवळं कडक. त्यांच्या लोणच्याच्या बरणीला मी सुद्धा हात लावायचा नाही. रायरांच्या पिंपाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एका अंगणात दोन सोवळी, आणि मधे मी. सासूबाई त्यांचं नावच घेत नसत. "तो मीठवाला आला का?" असं विचारायच्या, तेही त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. रायर त्यांना एकदाच बोलले, "अक्का, पिंपापाशी उदबत्ती घेऊन फिरू नका." झालं. त्या दिवसापासून घरातून रायरांना ताकही जाईना. मी चोरून पाठवायची.

माझं डोकं सगळ्यात जास्त कशाने उठायचं सांगू? त्यांच्या 'कसाला घाई?' ने. कसाला म्हणजे कशाला. हा इथला शब्द. लॉटची तारीख जवळ येतेय, माझ्या जिवाची तगमग चाललीय, आणि हे महाशय लेथ थांबवून पिंपातलं पाणी बघतायत. "रायर, आज एवढे दोन भाग तरी निघू देत!" "कसाला घाई, अम्मा?" "रायर, इंजिनियर येणार आहेत!" "येऊ देत की. कसाला घाई?" अरे, माझी शेड बंद पडायची वेळ आलीय, कामगारांची चूल विझायची वेळ आलीय, आणि हा माणूस विचारतोय घाई कशाला! दात-ओठ खाऊन मी घरात जायची आणि भांडी आपटायची.

एकदा मात्र मी विचारलंच. "रायर, ही तुमची डावी भुवई कुठे गेली?"

"दिली एका ठिकाणी," ते म्हणाले आणि कढईतलं मीठ हलवत राहिले.

तर असं करत करत लॉट पुरा झाला. सगळे भाग मापात, नीट गुंडाळून शेडमध्ये फळीच्या भिंतीला लागून ठेवलेले. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. त्या मुहूर्तावर इंजिनियर माल तपासायला आणि उचलायला येणार. आणि आदल्या दिवशी आयुधपूजा.

इकडे आयुधपूजा म्हणजे वर्कशॉपची दिवाळीच. यंत्रं पुसायची, त्यांना गंध-कुंकू लावायचं, हत्यारं देवीपुढे मांडायची, कापूर ओवाळायचा, दारात कोहळा फोडायचा. आमच्या घरात त्यात एक जास्तीची रीत. वर्षभर ज्या धातूचं काम केलं तिचा किस चिंचेच्या पाण्याने धुवायचा, उन्हात वाळवायचा आणि मोठ्या पितळी तबकात भरून देवीपुढे ठेवायचा. तो किस म्हणजे त्या वर्षाची लक्ष्मी. पूजा झाली की चिमूटभर पुरचुंडी प्रत्येक कामगाराला. आजेसासऱ्यांपासून चालत आलेलं. तोवर तो किस पितळेचा असायचा, त्याने कधी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

शेडमध्ये कापूर नको, यावर रायर अडून बसले. सासूबाई म्हणाल्या, यंत्राला कापूर नाही ओवाळला तर पूजा कसली? दोन दिवस मी दोघांमधे निरोप नेत-आणत होते. पाय दुखले माझे! शेवटी ठरलं, पूजा मागच्या ओसरीवर करायची, शेडच्या बाहेर, आणि यंत्रांना नुसतं गंध. रायर ओसरीवर येऊन बघून गेले. इथे धातूचा कण नाही ना, ठीक आहे म्हणाले. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

पूजेच्या सकाळी कावेरीवर स्नान, घरची पूजा वगैरे उरकून रायर टाऊन बसने आले तोवर सगळी मांडामांड झाली होती. देवीची तसबीर, ऊस, केळीचे खुंट, सुंदलची, म्हणजे नारळ घातलेल्या हरभऱ्याच्या उसळीची, परात. तसबिरीपुढे सासूबाईंचं तबक, झेंडूच्या पाकळ्यांनी झाकलेलं. मला वाटलं पितळेचा जुना किस असेल. तो नव्हता. "वर्षाची भाकरी जिने दिली ती देवीपुढे नाही? पितळेचं खोटं ताट मांडू?" असं म्हणत सासूबाईंनी पिंपातला किस काढला होता. जाड वळी तबकात नीट बसत नाहीत, म्हणून तळाशी साठलेला केसासारखा बारीक तेवढा वेचून घेतला होता. चिंचेने धुतला, गच्चीवर मलमलीवर कडकडीत वाळवला. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी हात जोडून उभी होते.

आरती सुरू झाली. सासूबाईंनी कापूर ओवाळला आणि निरांजन खाली ठेवलं. त्यातली पेटती वडी घरंगळून तबकात गेली.

उजेड म्हणजे कसला उजेड! पांढराशुभ्र. फोटोवाल्याचा बल्ब पेटून विझतो, हा विझेचना. क्षणभर मला काहीच दिसेना. कुणीतरी किंचाळलं. डोळ्यांवर हात धरून बघते तर सासूबाई तशाच पुढे उभ्या, जागच्या जागी थिजलेल्या. आणि मेस्त्रीने कोहळ्याशेजारची पाण्याची भरलेली घागर उचललेली.

"तण्णी वेंडाम!" रायर ओरडले. पाणी नको! "तण्णी वेंडाम!"

मेस्त्री थांबेना. कोण थांबेल? आग लागली की पाणी घालायचं, हे हाताला न शिकवता येतं. रायर अंगाने काडी, मेस्त्री रेडा. तरी त्यांनी जाऊन घागरीलाच मिठी मारली. दोघंही घागरीसकट अंगणात पडले, पाणी तुळशीकडे वाहून गेलं. मी सासूबाईंना मागे ओढलं. पदराची कड तेवढी करपली होती, त्या वाचल्या. फळीच्या भिंतीपलीकडे आमचा अख्खा लॉट होता, आणि किसाचं पिंप.

रायर उठले, शेडमधून डबा आणला, नखांनी मेण काढलं. मला वाटलं आता भसकन ओततील. छे! तबकाजवळ उकिडवे बसले आणि कडेकडेने, पोळीवर तूप सोडावं तसं, मीठ घालायला लागले. मेस्त्रीला आता अक्कल आली होती, त्याने दुसरा डबा फोडून मुठीमुठीने मीठ फेकायला सुरुवात केली. त्याबरोबर ठिणग्या उडाल्या.

"फेकू नकोस, उडेल ते. कडेने घाल." आणि मग, त्या भडकलेल्या जाळापासून हातभर अंतरावरून, तोंड लाल झालेलं, घाम निथळतोय, अशा अवस्थेत हा माणूस म्हणाला, "कसाला घाई? हळू."

मला त्या क्षणी रडावं की त्यांच्या पाठीत धपाटा घालावा, समजेना.

डबे रिते झाले तसा उजेड मिठाखाली दबला. मिठाचा ढीग तेवढा उरला, आतून तापलेला. रायर तिथेच पाट घेऊन बसले. कुणाला जवळ येऊ देईनात, ढीग उकरू देईनात, देवीची तसबीरही हलवू देईनात. दिवस कलेपर्यंत बसले. मधे मी सुंदलची वाटी दिली, ती खाल्ली. वर म्हणाले, मीठ कमी आहे.

ढीग निवल्यावर पाहिलं तर सासूबाईंच्या लग्नातलं तबक मधोमध वितळून भोक पडलेलं, खालची फरशी तडकलेली. सासूबाईंनी करपलेला पदर कमरेला खोचला. त्या रायरांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. आता भांडणार असं मला वाटलं. त्यांनी रायरांच्या तोंडाकडे पाहिलं. उजवी भुवईही गेली होती.

"रायर, भुवई?" त्यांनी पहिल्यांदा त्यांना नावाने हाक मारली.

"दिली," रायर म्हणाले.

मग खरी लढाई. मी हात जोडून म्हटलं, "रायर, उद्या इंजिनियरना यातलं काही सांगू नका. माल शाबूत आहे. सांगितलंत तर काम जाईल, शेड जाईल."

"सांगणार, अम्मा."

"त्यांनी विचारलं नाही तरी?"

"नाही विचारलं तरी. गावोगावी आयुधपूजा होते. उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी असंच ताट मांडतील. तिथे मीठ नसेल."

तरीही मी बोलले, खूप बोलले, नको नको ते बोलले. माझ्या पोटावर पाय देताय, म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बसला वेळ झाला म्हणून निघून गेले.

विजयादशमीला सकाळी ते आले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. "असं तोंड घेऊन परक्यापुढे जाल?" म्हणाल्या. "बसा." त्यांनी घरच्या काजळाची डबी आणली होती. सोवळ्यातल्या रायरांना एरवी कुणी हात लावायचा नाही. ते ओट्यावर बसले, डोळे मिटले. सासूबाईंनी करंगळीने दोन भुवया काढल्या. अगदी बेतशीर, एका मापाच्या. मी बघतच राहिले. काढून झाल्यावर रायर काय म्हणाले असतील? "या काजळात तेल आहे, अक्का. हात पुसलेलं सुती फडकं शेडमध्ये टाकू नका."

इंजिनियर आले. माल तपासला, खूश झाले. माझा जीव जरा खाली येतो न येतो तोच रायर सुरू झाले. तबक, कापूर, घागर, मीठ, काही म्हणजे काही वगळलं नाही. भोक पडलेलं तबक सुद्धा आणून दाखवलं. मी डोळे मिटून घेतले. संपलं, म्हटलं.

इंजिनियरनी तबकाच्या भोकात बोट घालून पाहिलं. मग विचारलं, "पाणी नाही पडलं?"

"नाही."

"काम तुम्हालाच," ते मला म्हणाले. "पण एक अट. हा माणूस शेडवर असेल तेव्हाच लेथ फिरायचा. नसेल त्या दिवशी बंद."

माझा जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणी मी डोक्याला हात लावला. म्हणजे ही ब्याद आता जन्माची!

आणि जन्माचीच ठरली. रायरांना ताप आला की लेथ बंद. रायर एकादशीला अशक्त झाले की लेथ बंद. मुलीने मद्रासला बोलावलं तर "लेथ बंद पडेल" म्हणून जायचे नाहीत. मीच भांडून पाठवायची आणि परत कधी येताय म्हणून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन फोन लावायची. सासूबाई मीठ भाजायला लागल्या होत्या, स्वतःच्या कढईत, स्वतःच्या हाताने. "एवढं कोरडं पुरे?" असं विचारायच्या. रायर चिमूट बोटांत चोळून बघायचे आणि म्हणायचे, "अजून." भुवया काही पुन्हा उगवल्या नाहीत. माल उचलायचा दिवस आला की सासूबाई त्या काढायच्या. सासूबाई गेल्या, मग मी काढायला लागले. माझा हात त्यांच्याइतका बेतशीर नाही. रायर डोळे मिटूनच म्हणायचे, "डावी वर गेली, अम्मा." आरसा न बघता यांना कळायचं कसं, देव जाणे!

एका सकाळी त्यांच्या शेजारचा विणकर स्कूटरवर आला. रायर गेले होते. आजार नाही, काही नाही. पंचा वाळत घालून आत आले, पाटावर बसले आणि बसल्या जागी गेले.

मी दारासुरमला पोचले. मुलगी मद्रासहून दुपारपर्यंत आली. लोक येऊन बसत होते. मुलीने मला बाजूला घेतलं, रडत रडत म्हणाली, "अम्मा, अप्पांचं तोंड असं... अस्की लोक, सगळेच्या सगळे बघतायत. ती काजळाची डबी..."

डबी माझ्या पिशवीत होती. निघताना मी ती आधी घेतली होती, पैसे मागाहून.

मी त्यांच्या उशाशी बसले. करंगळीला काजळ लावलं. उजवी काढली. डावी काढली, ती वर गेली. मी वाट बघितली. खरंच सांगते, क्षणभर वाट बघितली. मग पदराने पुसून मीच ती खाली घेतली.

शेडमध्ये तेव्हा लेथ बंद होता. मेस्त्री आणि सगळी पोरं रायरांच्या घराबाहेर उन्हात उभी होती, सुती शर्ट घालून. आता लेथ कुणाच्या भरवशावर फिरवायचा ते मला कळत नव्हतं, आणि असा राग आला मला, असा राग आला की भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत, मी त्यांच्यावर ओरडले.

"कसाला घाई केलीत, रायर? कसाला एवढी घाई?"